न उघडलेला फानाल

आमच्या रुबे गावात गिलेन देर्नोंकूरचं नाव काढलं की अजूनही दोन तट पडतात. एक म्हणतो, बाई असावी तर अशी, मंत्र्याचं खोटं त्याच्या तोंडावर काढून दाखवणारी. दुसरा म्हणतो, राहू द्या हो, स्वतःपुढे तिनं कधी कुणाचं ऐकलंय? दोघांचंही बरोबर आहे, आणि तिथंच तर सगळं घोडं अडलं.

बाप ट्रामवर कंडक्टर. आई चौकात तळलेल्या बटाट्यांची गाडी लावायची. गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायचं बाळकडू पोरीला त्या गाडीवरच मिळालं. अडुसष्ट साली विद्यार्थ्यांच्या बंडात विद्यापीठं बंद पडली तेव्हा ती विशीची होती. मोर्चात घसा फोडायला शेकडो जण होते, पण दुसऱ्या दिवशीचं पत्रक लिहायची वेळ आली की सगळ्यांना घरचं काहीतरी काम आठवायचं आणि लिहायला बसायची ती एकटी. तिथून ती फानालमध्ये गेली. फानाल म्हणजे बोटीवरचा कंदील. आमच्याकडे समुद्र नाही, बोटी असल्याच तर कालव्यातल्या कोळशाच्या. पण डाव्या विचारांचं साप्ताहिक म्हटलं की नाव असलंच काहीतरी हवं.

फानालची कचेरी शेजारच्या लील शहरात होती, एका कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर. सात माणसं, दोन खोल्या आणि सिगारेटचा इतका धूर की समोर कोण बसलंय ते आवाजावरून ओळखायचं. पगार वेळेवर झाला तर सगळ्यांना संशय यायचा. गिलेनला मात्र तिथं पाण्यात सोडलेल्या माशासारखं झालं. ती लिहायची भरभरून, लांबलचक, आणि चिडून. कुणावर अन्याय झाला असं कानावर आलं की बाई कोट चढवून निघालीच.

तिचं नाव झालं ते कालव्याकाठच्या गिरणीमुळे. गिरणी लोकरीची, पण मागच्या अंगाला एक शेड होती, तिथं अॅस्बेस्टॉसचं सूत कातायचे. भट्ट्यांची आवरणं, पाइपांवरचे पट्टे, असल्या कामाला जायचं ते. त्या सुताची छातीत बसणारी धूळ उडून शेडमध्ये सगळं पांढरं: जमीन, खिडक्या, बायकांचे केस. गिलेन डोक्याला रुमाल बांधून तिथं हंगामी कामगार म्हणून घुसली, पंधरवडाभर राबली आणि बाहेर येऊन तिनं जे लिहिलं त्यानं पॅरिसपर्यंत खळबळ माजली. मुखपृष्ठावर रेमोंद नावाच्या तिथल्याच बाईचा फोटो होता. वय तिशीचं, आणि भुवया म्हातारीसारख्या पांढऱ्याफेक. मालकानं खटला भरला आणि तो हरला. संसदेत प्रश्न विचारला गेला. शेवटी शेडमध्ये एक मोठा पंखा बसवला, आणि पंखा बसवला म्हटल्यावर सगळ्यांनी हुश्श केलं. गिलेनही पुढच्या लढ्याला लागली. पत्रकाराचं असंच असतं, एक आग विझली की दुसरीकडे धावायचं. त्यासाठी तिला दोष देण्यात अर्थ नाही.

त्याच लेखावरून तिची आणि आन्सेल्मची पहिली जुंपली. आन्सेल्म व्हान्हूत हा फानालमध्ये आलेला मजकूर तपासायचा, कापायचा, मथळे द्यायचा, फोटोखालच्या ओळी लिहायचा. असल्या माणसाचं नाव कुठे छापून येत नाही, आणि आन्सेल्मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. उंच, वाकलेला, कमी बोलणारा. अंक हातात पडला आणि गिलेन तणतणत त्याच्या टेबलाशी गेली.

"माझा शेवट कुठाय?"

"कापला."

"का म्हणून?"

"रेमोंदनं सगळं सांगून टाकलंय. त्यावर तू परत सांगायला लागलीस की वाचकाला वाटतं, ही आपल्याला ढ समजते."

गिलेननं त्याचा उद्धार केला, दार आपटलं, आणि थोड्या दिवसांनी त्याच्यासाठी स्वतःहून कॉफी घेऊन गेली. मग काय, जमलं. रुबेमधल्या एका अरुंद, लाल विटांच्या घरात दोघं राहायला लागली. लग्न केलं नाही. आपल्या दोघांत नगरपालिकेच्या शिक्क्याचं काय काम, असं ती म्हणायची, आणि त्याला शिक्का असला काय, नसला काय, सारखंच होतं. मूल झालं नाही. साप्ताहिकच काय कमी रडायचं? वीसेक वर्षं ती लिहायची आणि तो कापायचा, आणि कापलेल्या ओळींवरून रात्रीच्या जेवणाला भांडणं व्हायची. एवढं सुखाचं भांडण मी दुसऱ्या घरात पाहिलं नाही.

आणि मग फानाल विकला गेला.

घेणारा किराणा दुकानांच्या मोठ्या साखळीचा मालक. संपादकानं बैठक बोलावली, तीही कचेरीसमोरच्या कॅफेत, कारण कचेरी आता परक्याची झाली होती. आमच्या देशात पत्रकारांसाठी कायद्यात एक कलम आहे. पत्राचा मालक बदलला आणि आपल्या विवेकाला ते पटत नसेल, तर पत्रकारानं उठून जावं, आणि नव्या मालकानं त्याला काढून टाकल्यासारखी भरपाई द्यावी. विवेकाचं कलम म्हणतात त्याला. आमच्या पत्रकारांना त्या कलमाचा भलता अभिमान. जगात कुठं आहे का असं, म्हणून छाती फुगवतात.

गिलेन खुर्चीवर उभी राहून बोलली. सगळ्यांनी एकदम बाहेर पडायचं. एकही माणूस मागे राहता कामा नये. त्या किराणावाल्याच्या हाती नुसतं नाव लागू दे, आत्मा आपण घेऊन जाऊ. टाळ्या पडल्या. एकेकानं सही केली. आन्सेल्मची पाळी आली तेव्हा त्यानं पेन खाली ठेवलं.

"मी राहतो," तो म्हणाला.

तिला आधी वाटलं, थट्टा करतोय. तो म्हणाला, "आपण सगळे गेलो तर त्याला काय मिळतं बघ. भिंतीसकट घर, आणि आत एकही भाडेकरू नाही. तेही आपणच झाडून-पुसून दिलेलं. हेच तर हवंय त्याला. एक माणूस आत असलेला बरा."

"आत बसून काय करणार तू? बटाट्यांचे भाव तपासणार?"

"तपासावे लागले तर तपासेन."

बास. एवढ्यावर वीस वर्षं संपली. तुम्ही म्हणाल, असं कसं? घरी जाऊन बोलायला नको का? पण आमच्याकडे ही अशी माणसं आहेत, तत्त्वासाठी जेवतं ताट सरकवणारी, आणि ताटासमोर कोण बसलंय ते न बघणारी. तिला तो पळपुटा वाटला. त्याहून वाईट म्हणजे, सगळ्यांसमोर तिला एकटं पाडलं असं वाटलं. दुसऱ्याच दिवशी तिनं दोन बॅगा भरल्या आणि लीलला राहायला गेली. तो दारात उभा होता. थांब म्हणाला नाही. त्यानं म्हणायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. पण तो कमी बोलणारा माणूस, आयत्या वेळी कुठून शब्द आणणार?

लील ते रुबे मेट्रोनं अर्धा तास. त्या अर्ध्या तासावर गिलेन दहा वर्षं राहिली आणि एकदाही रुबेच्या स्टेशनावर उतरली नाही. तिनं नेम केला होता: फानाल उघडायचा नाही, वाचायचा नाही. फानाल आता किराणा दुकानांत फुकट वाटायचे, पैसे द्यायच्या जागेपाशी गठ्ठा असायचा. वर रंगीत कोंबडीचा फोटो आणि आठवड्याच्या सवलती. गिलेनची पाळी आली की ती वरचा अंक उचलून पालथा घालायची आणि मग पैसे द्यायची. गल्ल्यावरच्या पोरी एकमेकींकडे बघून हसायच्या.

बाकी तिचं काम चालूच होतं. कागदपत्रं नसलेल्या परदेशी मजुरांचं उपोषण, बंद पडणारं प्रसूतिगृह, सगळीकडे ती. लहानसहान मासिकांतून लिहायची, सभांतून बोलायची. त्या दिवशी बरोबर बाहेर पडलेल्यांतला एक पुढे बँकेची जाहिरातपत्रकं लिहायला लागला, एकानं घरं विकायची कचेरी काढली. त्यांना ती कधी पळपुटं म्हणाली नाही, कारण त्यांनी सही केली होती. पळपुटा एकटा आन्सेल्म. आता तिचे लेख कापायला कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते दिसायचंही. लांबत जायचे. रात्री एखादं वाक्य अडलं की ती मान वळवायची आणि मग स्वतःवरच चिडायची. माणूस आठवतो हे तिला कबूल करायचं नव्हतं, आणि आठवल्याशिवाय एक दिवस जात नव्हता.

नोव्हेंबरात जुन्या संपादकाचा फोन आला. आन्सेल्म गेला, हृदयविकारानं, स्वयंपाकघरातच. शुक्रवारी दहनगृहात निरोप आहे. यायचं तर ये.

गिलेन रात्रभर खिडकीशी बसून रडली, आणि सकाळी तिनं टेबलाशी बसून भाषण लिहिलं. दोन पानं. फार नीट लिहिलं. त्यात तिनं त्याला क्षमा केली होती. आन्सेल्म थकला होता, अशी सुरुवात. थकलेल्या माणसाला लढता आलं नाही म्हणून त्याला कमी लेखू नये, वगैरे. लिहिताना तिला मनापासून भरून येत होतं. तिला वाटलं, चार-सहा माणसं असतील, एखादा पुतण्या, दुकानाच्या जाहिरात खात्यातलं कुणीतरी. अशा वेळी निदान आपण तरी त्याच्याबद्दल बरं बोलावं. बिचारी. कीव करायला निघाली होती.

दहनगृहाचं आवार भरलं होतं. बायका. साठीच्या, सत्तरीच्या, काही चाकाच्या खुर्चीत, दोघींच्या नाकाला प्राणवायूची नळी. सगळ्या मोठमोठ्यानं बोलत होत्या, कारण गिरणीत जन्म गेलेल्यांना कमीच ऐकू येतं आणि आपण ओरडतोय हे त्यांना कळत नाही. गिलेन फाटकातच थबकली. तिला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या प्रेतयात्रेला आलो.

तेवढ्यात एक बुटकी बाई पुढे आली. "मादाम देर्नोंकूर ना? मी जोझियान. तुम्ही शेडमध्ये आलात तेव्हा तुमचं सूत सारखं तुटायचं, ते मी जोडून द्यायचे."

गिलेनला ती आठवली. सोळा वर्षांची, खिदळणारी पोर होती. तिनं विचारलं, तुम्ही सगळ्या इथं कशा?

जोझियानला तो प्रश्नच कळला नाही. "म्हणजे काय? आन्सेल्मसाठी. शेवटच्या पानासाठी." मग तिनं भराभर सांगायला घेतलं, शिळ्या बातम्या परत सांगाव्यात तसं, गिलेनला सगळं ठाऊकच आहे असं धरून.

फानालचं शेवटचं पान मालकानं आन्सेल्मकडे ठेवलं होतं. जुनी सायकल विकणे आहे, मांजर हरवलं आहे, असल्या फुकट जाहिरातींचं पान. लोक अंक उचलायचे ते त्या पानासाठीच, म्हणून मालक त्याला हात लावत नव्हता. त्या पानावर आन्सेल्मनं दर आठवड्याला दोन ओळी टाकायला सुरुवात केली: कालव्याकाठच्या गिरणीत, मागच्या पांढऱ्या शेडमध्ये काम केलेल्यांनी कळवावं. गिरणी बंद पडलेली, दप्तर जळालेलं, आणि बायका एकेक करून छातीच्या दुखण्यानं खंगत चाललेल्या. भरपाई मागायची तर आपण त्या शेडमध्ये होतो हे सिद्ध करायला बरोबरीच्यांची साक्ष हवी. आणि बरोबरीच्या कुठे गेल्या कुणाला माहीत? कुणी लग्न होऊन बेल्जियमला, कुणी लेकीकडे दक्षिणेत. दोन ओळींवरून एक सापडली, तिनं आणखी एकीचा पत्ता दिला. मालकाला वाटलं, म्हाताऱ्यांचं स्नेहसंमेलन आहे. त्यानं कॉफीवर सवलतीची कुपनं पाठवली.

"ती आम्ही वापरली हं," जोझियान म्हणाली. "का सोडायची?"

दर गुरुवारी त्या आन्सेल्मच्या स्वयंपाकघरात जमायच्या. तो त्यांच्या जबान्या लिहून काढायचा, आणि लिहिता लिहिता कापायचा. बाई गं, एवढं रडगाणं नको, जज्जला झोप लागेल, म्हणायचा. साठावर बायका झाल्या. खटला उभा राहिला.

गिलेननं विचारलं, "आणि रेमोंद? रेमोंद कुठाय?"

जोझियाननं तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. रेमोंद चार वर्षांपूर्वीच गेली. निकाल आमच्या बाजूनं लागला, पण तिच्यामागून. उशीर झाला, कारण समोरचा वकील म्हणायला लागला की या सगळ्या बायका एकमेकींच्याच साक्षीदार, बाहेरचं कुणी दाखवा. बाहेरचं कोण त्या शेडमध्ये पाऊल टाकणार होतं? एकच माणूस होतं. छापलेला लेख कोर्टाला चालेना, लिहिणारीनं स्वतः येऊन सांगायला हवं होतं.

"म्हणून त्यानं तुम्हाला फोन केला. रेमोंदला तुमचा आवाज ऐकायचा होता, म्हणून टेबलावर मोठ्या आवाजात लावला होता. आम्ही सगळ्या होतो."

गिलेनला तो फोन आठवला. आठवणारच. त्याचा आवाज ओळखताच ती म्हणाली होती, फानालच्या माणसांशी मी बोलत नाही, भाजीचे भाव मी बाजारात जाऊन विचारते. आणि फोन ठेवला होता. पुढे कितीतरी जेवणांत तिनं हे वाक्य सांगितलं होतं. लोक हसायचे.

"तो काय म्हणाला?" तिनं विचारलं.

"काही नाही. कामात असेल, म्हणाला. मग कॉफी करायला उठला आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभा राहिला." जोझियाननं रुमालानं नाक पुसलं. "आम्ही म्हटलं, आम्ही जातो लीलला, दार वाजवतो. तर नको म्हणाला. ती वाचते, म्हणाला. वरवर नाही म्हणेल, पण गुपचूप उचलून शेवटचं पान नक्की वाचते, मी ओळखतो तिला. एक दिवस आपल्या पायानं येईल, तेव्हा यायला तिला लाज वाटू नये. रेमोंद गेल्यावर आम्हाला राग आला होता तुमचा, खोटं कशाला बोलू? पण तो तुमच्याबद्दल वाकडा शब्द काढू द्यायचा नाही. आणि निकालानंतरही ते पान चालूच ठेवलं ना त्यानं, आणखी गिरण्या होत्या. ते सगळं तुम्ही वाचलंच असेल. आज त्याच्याबद्दल तुम्हीच बोला. आमच्यात लिहिता-बोलता येणारं कोण आहे?"

गिलेननं तोंड उघडलं, पण तेवढ्यात दारं उघडली आणि बायका आत निघाल्या. पहिल्या रांगेत, पुतण्याच्या शेजारी, एक खुर्ची त्यांनी तिच्यासाठी धरून ठेवली होती. ती तिथं बसली. पेटी साधी होती, वर फुलं फार. तिथला माणूस दोन शब्द बोलला, पुतण्या चार शब्द बोलला आणि रडायला लागला. मग सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

ती उठून पेटीशेजारी गेली. कोटाच्या खिशातून दोन पानं काढली आणि उलगडली. पहिल्या ओळीवर नजर गेली: आन्सेल्म थकला होता. पेटीकडे बघवेना. समोर साठ-सत्तर म्हाताऱ्या तिच्या ओठांकडे टक लावून बसल्या होत्या. त्या ओठांवरूनच शब्द वाचायच्या. तिनं कागद घडी करून परत खिशात घातले.

"मी वाचलं नाही," ती म्हणाली. "एकही अंक नाही. दहा वर्षांत मी तो उघडलाच नाही."

पहिल्या रांगेतल्यांना कळलं. मागे कुणीतरी हात कानाशी नेला आणि खणखणीत आवाजात विचारलं, काय म्हणते ती?

जोझियान मागे वळली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, मागच्यांना सांगायचं म्हणून ती सांगत होती. "वाचलं नाही म्हणते."

"काय?"

"वाचलं नाही! कधीच नाही!"

दुसऱ्या रांगेनं तिसरीला सांगितलं, तिसरीनं चौथीला. वाचलं नाही म्हणते. कधी उघडलाच नाही म्हणते. अंऽ? नाही वाचलं. असं करत ते मोठमोठ्यानं शेवटच्या रांगेपर्यंत, चाकाच्या खुर्च्यांपर्यंत गेलं, आणि तोवर गिलेन पेटीशेजारी उभी होती.